उसन्याचा रकाना

तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये दिली असेल तर १२४०० ला तिनं भागायचं. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम, ऊर्जा २.१०. हेलियम-निऑन लेसरचा लाल प्रकाश ६३२८ अँगस्ट्रॉमचा, ऊर्जा १.९६. क्ष-किरणांच्या नळीत तांब्याचं लक्ष्य असेल तर १.५४ अँगस्ट्रॉम, ऊर्जा ८००० च्या थोडी वर. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणी हायड्रोजनची जी २१ सेंटिमीटरची लहर टिपू शकतात, तिच्या एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सहापट. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला एक भागाकार पुरतो. तो मी ट्रॉम्बेच्या नोकरीत रोज केला आणि निवृत्तीनंतर बारावीच्या मुलांकडून करून घेते आहे. भागाकार कुणीही शिकवतं. तो करण्याआधी काय विचारायचं आणि केल्यावर उत्तर किती सांगायचं, हे मला एका माणसानं शिकवलं. त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, सत्तरच्या दशकाची अखेर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेले आम्ही मोजके जण होतो. सर कराडहून एसटीनं यायचे. आवाज बारीक, शिकवणं सपाट. विज्ञानाची थोरवी वगैरे त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. पण वहीच्या आखणीबद्दल माणूस भलताच कडक.

गणिताच्या पानावर तीन उभे रकाने आखायचे, हा त्यांचा पहिला दंडक. पहिल्या रकान्यात प्रश्नातली माहिती. दुसऱ्याला त्यांनी नाव दिलं होतं 'उसने'. तिसऱ्याला 'आपले'. प्रश्नात व्होल्ट दिलेले असतात आणि तरंगलांबी विचारलेली असते. पण इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याच्यावरचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग हे प्रश्नानं दिलेलं नसतं आणि आपणही मोजलेलं नसतं. ते सगळं दुसऱ्या रकान्यात. शिवाय प्रत्येक आकड्यापुढे तो कुणाकडून आणला त्याचं नाव. प्लांकच्या स्थिरांकापुढे 'प्लांक, १९००; मिलिकन, १९१६'. विद्युतभारापुढे 'मिलिकन'. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानापुढे 'जे. जे. थॉमसन आणि मिलिकन', कारण इलेक्ट्रॉन तराजूत कुणी घातला नव्हता. थॉमसननी १८९७ साली भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं, मिलिकननी भार काढला, आणि या दोन्हींच्या भागाकारातून वस्तुमान निघालं. एवढं लिहून झालं की तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एक वर्गमूळ आणि एक भागाकार उरायचा. सर बोटानं तो रकाना दाखवून म्हणायचे, "बघा, आपलं किती आहे ते."

आमचं गावात किराण्याचं दुकान. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. एका संध्याकाळी माझी वही गल्ल्याशेजारी उघडी राहिली आणि ती त्यांच्या हाती पडली. सूत्रांशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं, पण 'उसने' हा मथळा आणि त्याखालची नावं त्यांनी नीट वाचली.

"हे प्लांक कोण गं? कधीची उधारी आहे ही?"

"एकोणीसशे सालची."

"आणि अजून कुणी फेडली नाही?"

मला हसू आलं. आबा मात्र गंभीर होते. पुढे एम.एस्सी.साठी मला कोल्हापूरला पाठवायचा विषय निघाला, तेव्हा घरात नन्नाचा पाढा होता. सर एका रविवारी न सांगताच घरी आले. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग आबांनी त्यांना त्या रकान्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, "आबा, पोरं पुस्तकातला आकडा उचलतात आणि आपलाच समजतात. कुणाचं किती देणं आहे ते समोर लिहिलेलं असलं की उत्तर फुगवून सांगत नाहीत." माझ्या हुशारीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर आबा आईला म्हणाले, "उधारी लिहून ठेवायला लावणारा मास्तर आहे. जाऊ दे पोरीला." माझं कोल्हापूर ठरलं ते असं. हे पहिलं ऋण, आणि ते त्या रकान्याच्या जोरावर झालेलं.

उत्तर फुगवून सांगणं म्हणजे काय, ते सरांनी आम्हाला एका गणितावर दाखवलं होतं. इलेक्ट्रॉनला ५४ व्होल्टचा विभव दिला, तर त्याची तरंगलांबी किती? हे ५४ सरांनी मनानं घेतलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन मारून ते कसे उधळतात हे पाहत होते. १९२५ साली तिथे द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइडचा थर चढला. तो काढायला निकेल बराच वेळ तापवलं, तेव्हा त्यातले बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे झाले. नंतर इलेक्ट्रॉन उधळण्याची तऱ्हाच बदलली. १९२७ साली, निकेलच्या एकाच स्फटिकावर, ५४ व्होल्टला आणि ५० अंशांच्या कोनात त्यांना ठळक शिखर मिळालं. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो, हे द ब्रॉय यांनी १९२४ साली प्रबंधात लिहिलं होतं. ते या शिखरानं दाखवून दिलं.

आम्ही लॉग टेबल उघडायचो. सूत्र आटोपशीर करून ठेवलेलं: १२.२६ भागिले व्होल्टचं वर्गमूळ, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये. १२.२६ चा लॉग १.०८८५. ५४ चा लॉग १.७३२४, वर्गमुळासाठी त्याच्या निम्मे ०.८६६२. वजाबाकी ०.२२२३. अँटिलॉग १.६६८. वर्गात एकाकडे मुंबईच्या काकांनी आणलेला कॅल्क्युलेटर होता. त्यानं पडद्यावरचे सगळे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. सरांनी ते सगळे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, "५४ मध्ये आकडे किती?"

"दोन."

"१२.२६ मध्ये?"

"चार."

"मग हे बाकीचे कुणाच्या घरचे?"

त्यावर कुणीतरी हुशारीनं म्हणालं, की मग उत्तर दोनच आकड्यांत द्यावं, १.७. सरांना तेही पटलं नाही. ५४ म्हणजे साडेत्रेपन्न ते साडेचोपन्न. अर्धा व्होल्ट म्हणजे शेकडा एकाच्या आत. पण व्होल्ट वर्गमुळाखाली आहेत, आणि वर्गमुळाखाली ही शंका निम्मी होते. म्हणजे उत्तरात शेकडा अर्धा, १.६७ मध्ये शेवटच्या आकड्याला एकाचा फरक. तेव्हा १.६७ म्हणायचं, आणि शेवटचा ७ थोडा सैल आहे हे ध्यानात ठेवायचं. आकडे कमी करणं म्हणजे काही नम्रता नव्हे. किती कमी करायचे याचाही हिशेब असतो, हे मला तिथे कळलं.

मग त्यांनी दुसरी बाजू मांडली. निकेलच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या ओळींमधलं अंतर २.१५ अँगस्ट्रॉम, ५० अंशांची साइन ०.७६६, गुणाकार १.६५. म्हणजे सिद्धान्त १.६७ म्हणतो आणि प्रयोग १.६५. पुस्तकात इथे 'उत्तम मेळ' असं लिहून पुढे जातात. सरांनी आम्हाला ५१ अंश घेऊन पुन्हा गुणाकार करायला लावला. उत्तर आलं १.६७. एका अंशात सगळा फरक बुजला. "शिखर असं पसरट आहे, त्याचा माथा एका अंशानं इकडेतिकडे वाचला जाणार नाही असं छातीठोक कोण सांगेल? मेळ उत्तम आहे की नाही ते असं विचारायचं," एवढं बोलून त्यांनी फळा पुसला.

त्यांची दुसरी शिकवण एका प्रश्नाची होती. कुठलंही सूत्र लिहिण्याआधी ते विचारायचे, "याला थांबवता येतं का?" इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, अणू यांना थांबवता येतं, थांबले तरी त्यांचं वस्तुमान उरतं. फोटॉनला थांबवता येत नाही. तो शोषला गेला की संपला. दोघांनाही तरंगलांबी आहे आणि दोघांचीही तरंगलांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग, 'एच बाय पी'. इथपर्यंत गल्लत होत नाही. गल्लत होते संवेगाकडून ऊर्जेकडे जाताना. फोटॉनची ऊर्जा संवेगाच्या सरळ पटीत वाढते, सावकाश जाणाऱ्या कणाची गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या पटीत. १२४०० चा भागाकार फक्त न थांबणाऱ्यासाठी आहे. आज शिकवताना मी पाहते, दर वर्षी मुलं इलेक्ट्रॉनची तरंगलांबी हातात आली की बिनदिक्कत 'एच सी बाय लॅम्डा' लावतात. सूत्र पाठ असतं, पण कुणाला लावायचं ते विचारलेलं नसतं.

आमच्याकडून त्यांनी करून घेतलेलं एक गणित मी अजून तसंच घालते. एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन, एक न्यूट्रॉन. तिघांचीही तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे स्फटिकातल्या दोन अणूंमधल्या अंतराएवढी. तिघांच्या ऊर्जा काढा. फोटॉन: १२४०० भागिले १.८, सुमारे ६९०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इलेक्ट्रॉन: १५० भागिले १.८ चा वर्ग, सुमारे ४६. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनच्या १८३९ पट जड, म्हणून त्याची ऊर्जा तितक्याच पट कमी: ०.०२५. लांबी एकच, आणि ऊर्जा ६९००, ४६ आणि ०.०२५. सर म्हणाले होते, "हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. कधी तरी लागतील." कशाला लागतील ते त्यांनी सांगितलं नाही.

सोडियमचे ५८९३ अँगस्ट्रॉम मात्र आम्ही उसने घेतले नाहीत. ते स्वतः मोजले. ग्रेटिंगवर इंचाला १५००० रेघा, पहिल्या क्रमाची पिवळी रेषा मधल्यापासून सुमारे २० अंश २२ मिनिटांवर. तो आकडा अभिमानानं तिसऱ्या रकान्यात जायचा. पण त्या आकड्यामागे प्रयोगशाळेतले मामा होते. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी पेटतो, कारण त्यात सुरुवातीला निऑन जळतो. सोडियमची वाफ व्हायला आणि उजेड पिवळा व्हायला बराच वेळ जातो. आमचं प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी मामा दिवे लावून ठेवायचे. त्यांना ते जमलं नाही त्या दिवशी आमची धावपळ बघून म्हणायचे, "ताई, घाई करू नगा. गुलाबी हाय तवर काय बी दिसायचं न्हाई." ग्रेटिंगच्या काचेला बोट लागू नये म्हणून ते ती फक्त कडांनी धरून पट्टीत बसवायचे. कॉलिमेटरची फट किती उघडायची ते आम्हाला सरांच्या आधी मामांनी शिकवलं. फट रुंद ठेवली तर उजेड भरपूर पण रेषा जाड. अरुंद ठेवली तर रेषा बारीक पण दिसेनाशी. दोन्हींच्या मधली जागा त्यांना बोटांनी माहीत होती. जर्नलमध्ये त्यांचं नाव लिहायला जागाच नव्हती. उपकरणं, आकृती, निरीक्षणं, आकडेमोड, निष्कर्ष, आणि खाली सरांची सही.

कोल्हापूरहून पुढे मी ट्रॉम्बेला लागले, न्यूट्रॉन विकिरणाच्या कामावर. तिथे सरांचे ते तीन आकडे लागले. अणुभट्टीत न्यूट्रॉन जन्मतो तेव्हा त्याची ऊर्जा साधारण २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तरंगलांबी ०.०००२ अँगस्ट्रॉम, अणूंमधलं अंतर मोजायला तो निरुपयोगी. जड पाण्यात आपटून आपटून तो थंडावतो, पाण्याच्याच तापमानाला येतो, वेग सेकंदाला सुमारे २२०० मीटर होतो, आणि तरंगलांबी होते १.८. हा आकडा रोजच्या बोलण्यातला. पण महत्त्वाचा आकडा त्याच्या शेजारचा, ०.०२५. स्फटिकातले अणू जागच्या जागी थरथरत असतात, आणि त्या कंपनांची ऊर्जाही साधारण एवढीच असते, काही शतांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. न्यूट्रॉन त्या कंपनाला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, तेव्हा त्याची स्वतःची ऊर्जा ठळकपणे बदलते, आणि तो बदल मोजता येतो. त्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा ६९००, त्यातून ०.०२ गेले काय नि राहिले काय, त्या काळच्या उपकरणांना पत्ताही लागला नसता. अणू कुठे आहेत हे फोटॉनही सांगतो. ते कसे हलतात हे सांगायला न्यूट्रॉन बरा, आणि याचं कारण सरांच्या त्या तीन ओळींच्या गणितात आहे.

या कामाची आपल्याकडची सुरुवातही अशाच देवाणघेवाणीतून झालेली. ट्रॉम्बेची 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याकडे शिकायला गेले. जर्मेनियमच्या स्फटिकातल्या कंपनांवरचा दोघांचा लेख १९५८ सालचा. परत येऊन अय्यंगारांनी ट्रॉम्बेत ही उपकरणं उभी करून घेतली, आणि त्यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली. ब्रॉकहाउसना १९९४ साली क्लिफर्ड शल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मी आले तोवर 'सायरस' जुनी झाली होती आणि 'ध्रुव'चं बांधकाम चालू होतं. ती १९८५ साली सुरू झाली. रात्रपाळीला काउंटरसमोर बसून एकेका कोनाला मोजणी घ्यायची, भुजा पुढे सरकवायची, पुन्हा मोजणी. मी वहीत तीन रकाने आखत असे. शेजारचे सहकारी हसायचे. नंतर त्यांच्यातल्या एकानं मोजणीच्या तक्त्याला चौथा रकाना जोडला: त्या पाळीला यंत्र कुणी लावून दिलं त्याचं नाव. ते पाहून मला मामांची आठवण झाली आणि सरांच्या पद्धतीत काय राहून गेलं होतं ते दिसलं.

राहून गेलेलं आणखी एक पुढे कळलं. सर मिलिकनना फार मानायचे, आणि ते रास्तच होतं. आइनस्टाइननी १९०५ साली प्रकाशाच्या कणांची कल्पना मांडली, ती मिलिकनना मुळीच पटली नव्हती. ती तपासायला त्यांनी शिकागोत वर्षानुवर्षं खटाटोप केला. काचेच्या निर्वात नळीत सोडियमचा तुकडा, आणि आतल्याआत त्याचा पृष्ठभाग तासून स्वच्छ करणारी पाती, बाहेरून चुंबकानं फिरवायची. १९१६ साली आइनस्टाइनचं समीकरण तंतोतंत खरं ठरलं, आणि त्यातून प्लांकच्या स्थिरांकाची किंमतही निघाली, ६.५७. प्लांकनी स्वतः काढलेली ६.५५ होती. आजची ६.६२६. जे पटत नाही ते इतक्या कसोशीनं मोजणारा माणूस उसन्याच्या रकान्यात शोभून दिसतो.

पण मिलिकनचेही आकडे उसने होते. तेलाच्या थेंबाच्या प्रयोगात थेंब हवेतून पडतो, म्हणून हवेचा चिकटपणा माहीत असावा लागतो. त्यांनी वापरलेला चिकटपणाचा आकडा जरासा कमी होता. त्यामुळे विद्युतभार शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कमी आला, आणि त्या भारावर बेतलेले बाकीचे स्थिरांकही हलले. वीसेक वर्षं जग तो आकडा वापरत होतं. १९३० च्या दशकात क्ष-किरणांची तरंगलांबी आखीव ग्रेटिंगनं थेट मोजली गेली, तेव्हा हिशेब जुळेना. धागा मागे नेत नेत तो हवेच्या चिकटपणापर्यंत जाऊन पोचला. आपण उसनं घेतो ते कुणीतरी आधी उसनं आणलेलं असतं, आणि त्यातली खोट आपल्याही उत्तरात उतरते.

दुसरी गोष्ट नावाची. तेलाच्या थेंबांचं बरंचसं काम मिलिकनच्या हाताखालच्या हार्वी फ्लेचर या विद्यार्थ्यानं केलं होतं. भाराचा १९१० चा लेख मात्र एकट्या मिलिकनच्या नावावर आला. फ्लेचरला प्रबंधासाठी दुसरा लेख मिळाला. मिलिकनना १९२३ साली नोबेल मिळालं. फ्लेचर पुढे ध्वनिशास्त्रात नावारूपाला आले आणि याविषयी गप्प राहिले. त्यांची हकिगत त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ साली छापून आली, आणि तीतही मिलिकनबद्दल कडवटपणा नाही. ती वाचून मी सरांना आंतरदेशीय पत्र टाकलं. उत्तर आठवड्यात आलं. पत्रात एकच वाक्य विषयाचं: "आपल्या रकान्यात विद्युतभारापुढे आजपासून दोन नावं लिहावीत." बाकी पत्रभर त्यांनी मला न विचारता एक गणित घातलं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला एक लाख व्होल्ट दिले तर तरंगलांबी किती? साध्या सूत्रानं ०.०३८८ अँगस्ट्रॉम येते, सापेक्षतेची दुरुस्ती केली की ०.०३७०. खाली टीप: "एक लाख हा आकडा पाच लाख अकरा हजारांच्या शेजारी ठेवून बघावा." पाच लाख अकरा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे थांबलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा. दिलेली ऊर्जा तिच्यापुढे नगण्य असेल तोवर साधं सूत्र चालतं. पाचवा हिस्सा झाली की उत्तर शेकडा पाचानं चुकतं.

आमचा पत्रव्यवहार असा गणितांनीच चालला. ख्यालीखुशाली शेवटच्या ओळीत. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'मध्ये व्हिएन्नाच्या गटाचा लेख आला: साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू ग्रेटिंगमधून सोडला आणि त्याचेही लहरींसारखे पट्टे मिळाले. मी सरांना कळवलं: वस्तुमान ७२० एकक, वेग सेकंदाला २२० मीटर, तरंगलांबी ०.०२५ अँगस्ट्रॉम, रेणूच्या आकाराच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी. तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, अक्षर थरथरतं झालं होतं. कौतुकाचा एक शब्द न लिहिता त्यांनी विचारलं, "सगळ्या रेणूंचा वेग २२० च आहे काय? नसल्यास तरंगलांबी एक कशी?" प्रश्न वर्मावर होता. भट्टीतून निघणाऱ्या रेणूंचे वेग बरेच पसरलेले होते, त्यामुळे मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा दिसायचा आणि पुढचे पुसट व्हायचे. नंतरच्या प्रयोगांत रेणू वेगानुसार निवडून घेतले, तेव्हा आणखी पट्टे दिसू लागले. तालुक्याच्या गावी बसून, लेख न वाचता, नुसत्या तीन आकड्यांवरून त्यांनी ते हेरलं होतं.

सर गेल्याला आता बरीच वर्षं झाली. २० मे २०१९ ला त्यांच्या रकान्यात जो बदल झाला तो त्यांना पाहता आला नाही. त्या दिवसापासून प्लांकचा स्थिरांक मोजायचा राहिलेला नाही. तो ठरवून दिला आहे: ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, जूल-सेकंद, बरोबर एवढाच. इलेक्ट्रॉनचा विद्युतभारही तसाच ठरवलेला, आणि प्रकाशाचा वेग तर १९८३ पासून ठरलेला. म्हणजे मी आयुष्यभर वापरलेला १२४०० हा आकडा आता हवा तितका लांब लिहिता येतो, १२३९८.४१९८ आणि पुढे, आणि त्यात शंकेला जागा नाही. फोटॉनच्या गणितात सैल असेल तर ती फक्त प्रश्नात दिलेली तरंगलांबी.

माझ्याकडे येणारी मुलं लगेच विचारतात, मग आता फोटॉनच्या पानावर 'उसने' कशाला आखायचं? मी त्यांना सांगते की हा आकडा कुणी हवेतून उचललेला नाही. तो ठरवताना जुना किलोग्रॅम आणि नवा किलोग्रॅम यांच्यात तफावत पडू नये म्हणून आधी तो शक्य तितक्या बारकाईनं मोजावा लागला. वजन आणि वीज यांचा समतोल साधणाऱ्या किबल तराजूवर एकदा, आणि शुद्ध सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजून दुसऱ्या वाटेनं. या दोन्ही वाटा जुळल्या तेव्हा कुठे आकड्यावर शिक्का बसला. शंका मिटली म्हणून नावं मिटत नाहीत.

थांबवता येणाऱ्यांच्या पानावर तर हा वाद निघतच नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आज नऊ-दहा आकड्यांपर्यंत माहीत आहे, पण ते मोजलेलं आहे, ठरवलेलं नाही. न्यूट्रॉनचंही तसंच. फोटॉनची ऊर्जा काढताना तीनही स्थिरांक आता पक्के. कणाची तरंगलांबी काढताना मात्र वस्तुमान अजून कुणाकडून तरी आणावंच लागतं, आणि त्याचा शेवटचा आकडा अजून थोडा सैल असतो. सरांचा तो प्रश्न, याला थांबवता येतं का, आता कुठलं सूत्र लावायचं याबरोबर उसनवारी कुठे बाकी आहे हेही सांगतो. म्हणून तिन्ही रकाने मी दोन्ही पानांवर आखायला लावते. विद्युतभारापुढे दोन नावं. आणि मुलांच्या कॉलेजात ग्रेटिंगचं प्रॅक्टिकल झालं की पहिला प्रश्न विचारते, दिवा कुणी लावून ठेवला होता? बहुतेकांना सांगता येत नाही. मी त्यांना परत जाऊन विचारून यायला लावते.